मानेपाशी दाबलेला कांदा
साठवणीची कांदाचाळ उघडल्यावर सडक्या कांद्याचा उग्र वास आला, की मला ती दुपार आठवते. आदल्या दिवशी नाशिकला माझ्या डोक्याचा एमआरआय झाला होता. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून "घाबरायचं काही नाही" म्हटलं. लेखी रिपोर्ट मात्र अजून यायचा होता. घरचे निवांत झाले, मी मात्र चाळीत कांदा निवडत मनातल्या मनात कुढत होते. "डॉक्टर म्हनले ना काय नाय, मग कशाला झुरती?" सासूबाई म्हणाल्या. मी एक टणटणीत दिसणारा कांदा उचलून त्याच्या मानेपाशी, पात सुकते तिथे, अंगठ्याने दाबला. आतून पाणी आलं. "हा बी वरून चांगलाच होता. रिपोर्ट हातात येईस्तोवर मी घाबरनार, आन् कामबी करनार." त्यांनी कांद्याची पुढची पाटी माझ्याकडे सरकवली. रिपोर्ट चांगला आला. तरी कुणी "काही नाही" म्हटलं, की माझा अंगठा आजही शिवशिवतो.