मिठाचं कोठार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या त्या हॉलमध्ये जी पन्नासेक माणसं होती, त्यांना वाटतं आपण सगळं पाहिलं. त्यांनी अर्धंच पाहिलं.

त्याआधी काही वर्षं मी सिंगापूरातच, जुरोंग ईस्टला एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात होते. इथल्या मराठी कुटुंबांच्या सहली माझ्याकडे असायच्या. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थची सहल ठरवायला मी आधी एकटी जाऊन आले. पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटावर आंटी रूबी भेटल्या. साठीच्या, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी — सगळेच त्यांना आंटी म्हणत. आमच्या लोकांसाठी मी ज्या जुन्या इमारतीत खोल्या ठरवल्या होत्या, तिच्यासमोर त्यांनी मला उभं केलं.

तो तुरुंग होता. त्यांच्या माणसांना लांबलांबच्या वस्त्यांतून साखळदंड घालून इथं आणायचे. का? तर आपल्याच जमिनीवर चरणारी परक्याची मेंढी मारली म्हणूनसुद्धा. आता कोठड्यांच्या मधल्या भिंती पाडून खोल्या केल्या होत्या. पलीकडे झाडांखाली, तिथंच मेलेल्यांना पुरलेलं — कुणाच्या नावाचा दगड नाही. त्यांत आंटींचे पणजोबा.

"तुझ्या लोकांना सांगशील?" त्यांनी विचारलं.

"सांगेन," मी म्हटलं. मनापासून म्हटलं — निदान तेव्हा तसंच वाटलं.

सहल गेली. माझ्या गटात लीलाकाकू होत्या. पुण्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या, सेम्बावांगला मुलाकडे राहायला आलेल्या. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी मान वर केली. "मीनल, खिडकी इतकी वर का गं? कुणाला ठेवायचे इथं?"

बघा, किती सरळ प्रश्न! गप्प राहिले असते तरी एक वेळ... पण मी गप्प नाही राहिले. "मिठाचं कोठार होतं काकू," मी म्हटलं. कुणी बिथरलं, इथं राहणार नाही म्हणालं, तर सहलीचा विचका होईल — एवढंच डोक्यात होतं. त्या तिथं चार रात्री झोपल्या. पुढे सहा वर्षं मी गट नेले आणि दर वेळी तेच कोठार सांगितलं.

मग २००९ मध्ये आंटींचा फोन आला. त्यांच्या नातीला इथं सिंगापूरात, वन-नॉर्थच्या संशोधन संकुलात नोकरी लागली होती आणि तिच्याकडे त्या आल्या होत्या. माझं कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं. "मला तुझ्या लोकांशी भेटव," म्हणाल्या.

भेटवलं. हो, ते मात्र मी केलं! हॉल घेतला, घरोघरच्या आजी-आजोबांना बोलावलं. आंटी इंग्रजीत बोलत होत्या आणि मी मराठीत सांगत होते. साखळदंड, होड्या, थंडी, झाडांखालची माती — सहा वर्षं दडवून ठेवलेलं सगळं धडाधड बाहेर पडत होतं. कुणी चहाला हात लावला नाही. शेवटी आंटी म्हणाल्या, बेटाचं खरं नाव वाजेमप, माझ्याबरोबर म्हणा. पहिल्यांदा आवाज दबकेच आले. दुसऱ्यांदा मोठे. तिसऱ्यांदा सगळे उभे राहिले — काठ्या सावरत, गुडघ्यांवर हात रोवत — आणि पन्नास म्हाताऱ्या गळ्यांनी हॉल दणाणून सोडला. "वाजेमप!" आंटींनी दोन्ही हात उंचावले. हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या माणसांना मातीत ढकलून विसरून जायचं ठरलं होतं ना? नाही जमलं. समुद्रापलीकडे, परक्या भाषेच्या माणसांनी, त्यांच्या बेटाला त्यांच्या नावानं हाक मारली होती. आंटी जिंकल्या होत्या. असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

तेवढ्यात लीलाकाकू पुढे आल्या. आंटींचे हात हातात घेऊन मराठीत म्हणाल्या, "बाई, मी तिथं चार रात्री झोपले हो. मला ठाऊक नव्हतं. आणि या पोरीलाही नव्हतं. असतं, तर तिनं सांगितलंच असतं."

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

दोघींच्या मधे एकटी मीच होते, दोन्ही भाषा कळणारी.

"तुमचे आभार मानतायत," मी आंटींच्या कानाशी इंग्रजीत सांगितलं.

दोघींनी एकमेकींना मिठी मारली. टाळ्या झाल्या. कुणीतरी माझीही पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

लीलाकाकू, मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हाही. आंटी, त्या आभार मानत नव्हत्या. त्या माझ्यासाठी साक्ष देत होत्या, आणि ती साक्ष खोटी आहे हे त्या हॉलमध्ये फक्त तुम्हीच सांगू शकला असता. म्हणून ती मी तुमच्यापर्यंत पोहोचू दिली नाही.