सहा खुर्च्यांचं टेबल आणि माझे हक्क

जेवणाचं टेबल मी स्वतःच्या विनंतीवरून रद्द केलं, हे मला कंपनीच्या मेसेजवरून कळलं.

त्या वेळी माझ्या हातात नारळ होता. इथे हिंदी मुलखात, राइट टाउनातल्या आमच्या घरी नवी वस्तू आली की तिची पूजा करून शेजाऱ्यांना चहा-चिवडा द्यायचा, ही ह्यांची रीत. (हे गेले, रीत राहिली.) डिलिव्हरीचा दिवस ठरलेला म्हणून मी दारात रांगोळी काढली, गल्लीला बोलावणं केलं आणि जागा हवी म्हणून जुना दिवाण आदल्याच दिवशी कामवालीला देऊन टाकला. पाहुणे आले, टेबल आलं नाही. रिकाम्या खोलीत सगळे बशा धरून उभे, आणि मी मोबाइल वाचतेय : "आपके अनुरोध पर ऑर्डर रद्द किया गया है।"

"मंग आम्हाले काहून बोलावलं, वहिनी?" शेजारच्या बोरकरभाऊंनी विचारलं. भाऊ कोर्टातून रिटायर झालेले बाबू. चिवडा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

एकट्या बाईला सहा खुर्च्या कशाला, असं कोणी विचारलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर ते होतं. खरंच आहे. मी ओट्याशी उभी राहून जेवते, कढईतच पोळी बुडवते. पण बंगलोरहून माझा निखिल म्हणाला होता, "आई, महालक्ष्म्यांना आम्ही पक्का येऊन राहिलो. बस, बच्चे खाली बसून नाही जेवत." त्याच दुपारी मी सगळे पैसे भरून मोकळी झाले. मला टेबल नको होतं हो, त्याच्याभोवतीची मुलांची भांडणं हवी होती.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "मैम, पैसा वॉलेट में डाल देते हैं, कुछ और ले लीजिए।"

"और कुछ नहीं चाहिए, बेटा आ रहा है।"

"बधाई हो, मैम।"

(त्या आठवड्यात माझ्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. मी तिला पुरणाची कृतीही सांगितली.)

बोरकरभाऊ खवळले. "वॉलेटले हो म्हणू नका! रद्द त्यांनी केलं अन् नाव तुमचं लावून राहिले. हे पाहा, तेच टेबल आज महाग करून विकून राहिले. पैसे घेऊन सौदा असा एकतर्फी मोडता येत नाही. ग्राहक आयोगात जाऊ."

तक्रार मी लिहिली. त्यातल्या महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या भाऊंनी खोडल्या, बाकीचं नोटीस म्हणून धाडलं. कंपनी घाबरली. टेबल जुन्याच भावात आलं, वर माफी. पुन्हा नारळ, पुन्हा चिवडा. या खेपेला लोक खुर्च्यांवर बसले.

संध्याकाळी निखिलचा फोन. "आई, सॉरी, छुट्टी कॅन्सल झाली. अगली बार नक्की."

"अच्छा, हरकत नाही," मी म्हटलं. हरकत होती. फोन ठेवून टेबलाशी बसले. ओट्याशी उभं राहून जेवताना मी नुसती घाईत असते, टेबलाशी मात्र मी एकटी होते.

दुसऱ्या दिवशी बोरकरभाऊंना विचारलं, "पक्कं सांगून एकतर्फी रद्द केलं, तर आयोग काही करत नाही का?"

"कंपनी कोणती?"

"निखिल."

"वहिनी, ज्यानं पैसे मोजले तोच ग्राहक. फुकटच्या सेवेची तक्रार चालत नाही."

"फुकट? त्याच्या इंजिनिअरिंगची फी कोणी मोजली?"

"पावत्या आहेत?"

आहेत म्हणजे काय! पेटीतून सगळ्या काढल्या, नर्सरीपासूनच्या. भाऊंनी तारखा पाहिल्या आणि चष्मा काढला. "तक्रार दोन वर्षांच्या आत करा लागते."

घ्या! टेबलासाठी मी एवढी जागरूक ग्राहक, आणि मुलाची मुदत चालू होती तेव्हा बसले होते कुरिअरनं लाडू पाठवत!