काकूंच्या झाडाचं सोनं

निलगिरीकाकूंच्या दारात गेलं की ‘ये, बस’ नंतर. आधी त्या एक पान चुरून थेट नाकाशी धरायच्या. “आधी श्वास घे, मग बोल,” हा हुकूम. नागपूरहून अमेरिकेत येऊन रेडमंडमध्ये जन्मभर डॉक्टरकी केलेली बाई. उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. मी त्यांच्याच घरात खालच्या खोलीत भाड्याने राहायचे.

दारातलं निलगिरीचं झाड त्यांनी काका गेल्यावर लावलं होतं. कोणी त्याला नुसतं ऑस्ट्रेलियाचं म्हटलं तरी तडकायच्या. “टास्मानियाची आहे ती. बेटावरची. बर्फातसुद्धा मान टाकत नाही.” दर मार्चमध्ये स्वतः शिडीवर चढून तिला निर्दयपणे छाटायच्या. वाढू दिली की पानं लांबट होतात, छाटली की चांदीच्या रंगाची, गोल येतात. काकूंना गोलच हवी असायची, दसऱ्यासाठी.

इथे आपटा कुठून आणणार? आमच्या वसाहतीतली सगळी मराठी घरं काकूंकडून ती पानं न्यायची आणि तेच सोनं म्हणून एकमेकांना द्यायची. हिवाळ्यात पोरं शिंकायला लागली की वाफाऱ्यालाही तीच. काकू पिशव्या भरभरून द्यायच्या.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एका शेजाऱ्याने तक्रार केली की झाड तेलकट आहे, पेट घेईल. वसाहतीच्या असोसिएशनने घरमालकांचं मतदान ठेवलं. कधी कोणाकडे काही न मागितलेल्या काकू प्रत्येक मराठी दारात गेल्या. उत्तर सगळीकडे एकच. “काकू, आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. उगाच नेबर्सशी कशाला इश्यू करायचा?” झाडासाठी हात वर केला तर ग्रीन कार्ड अडतं, हे या शिकल्यासवरल्या लोकांना कोणी सांगितलं, देव जाणे! सभेला मराठी अशा आम्ही दोघीच. त्यात मी भाडेकरू, मला मत नाही. झाड पाडायचं ठरलं.

करवत चालली तेव्हा काकू खिडकीतून हलल्या नाहीत. “मुळासकट काढताहेत गं. पुन्हा फुटायलाही नको,” एवढंच म्हणाल्या.

दसऱ्याला तीच मंडळी नटूनथटून दारात हजर. हातात सोनेरी कागदाची पानं. “सोनं घ्या, काकू!”

काकूंनी हात पुढे केला नाही. “सोनं आपल्या माणसांना द्यायचं असतं,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला मनापासून बरं वाटलं, अजूनही वाटतं.

मग मी आतच वाकून काकूंना नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. आशीर्वाद मात्र त्यांच्या तोंडून फुटला नाही.