शंभूची जबाबदारी

जगात कुठेही काही बिघडलं, की त्याची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतल्याशिवाय आमच्या व्याह्यांना अन्न गोड लागत नाही. व्याही म्हणजे माझ्या मुक्ताचे सासरे. आता मुलाकडची माणसं म्हटली की मुलीच्या आईच्या पोटात काय गोळा येतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या आईच्या पिढीची तर मुलाच्या बापासमोर मान वर करून बोलायची प्राज्ञा नव्हती. मीही ‘बोलायचं नाही, ऐकून घ्यायचं’ असं घोकत लग्नात उभी होते. तर हा गृहस्थ पहिल्याच पंगतीला माझ्यासमोर हात जोडून हजर! “विहीणबाई, श्रीखंड जरा आंबट झालंय. क्षमा असावी.” अहो, केटरर आमचा, ऑर्डर आमची, श्रीखंडाशी यांचा संबंध काय? “संबंध आहे,” म्हणाले, “काल मी चव घेतली होती आणि गप्प बसलो होतो.” संध्याकाळी पाऊस आला, तेव्हा त्यांनी पावसाबद्दलही माफी मागितली, कारण तारीख त्यांनी सुचवली होती. मी चाट पडले. सासर चांगलं मिळावं म्हणून मुलींचे आईबाप देव पाण्यात ठेवतात. पण इतकं चांगलं मिळालं, तर पुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं असावं. ते लोअर हट या गावी राहतात आणि निवृत्त होईपर्यंत रोज ट्रेनने राजधानीत, वेलिंग्टनला जात. काम काय, तर भूकंप झाला तर इमारत उभी राहील का, ते तपासून खाली सही करायची. ज्या माणसाने आयुष्यभर ‘ही पडली तर मला विचारा’ असं लिहून दिलं, त्याचा स्वभाव दुसरा काय होणार? अजूनही जमीन जरा हलली, की आपण टेबलाखाली शिरतो आणि हे गाडी काढून आपल्या सहीच्या इमारती बघून येतात. जावई म्हणतो, “डॅड, रिटायर झालात ना?” त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, “मी झालो. इमारती नाही झाल्या.”

जिथे स्वतःची जबाबदारी पुरी पडत नाही, तिथे ते विमा काढतात. घराचा, घरातल्या सामानाचा, गाडीचा, आणि आपल्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याचाही. बरं, काढून गप्प बसतील तर शपथ! लोक विम्याचे कागद कपाटात टाकतात, हे ते चष्मा लावून पोथीसारखे वाचतात. कंपनीला सगळं खरं सांगितलं पाहिजे असं त्यात एक कलम आहे म्हणे. झालं! एकदा मी त्यांच्याकडे उतरले असताना हे फोनवर गंभीर आवाजात सांगत होते, “माझा कुत्रा व्हॅक्युम क्लीनरवर गुरगुरतो, हे आपल्याला कळवणं मी कर्तव्य समजतो.” पलीकडच्या मुलीने विचारलं, तो चावलाय का त्याला? हे म्हणाले, “अजून नाही. पण त्याच्या मनात येऊन गेलंय.” मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

तो कुत्रा म्हणजे शंभू. काळा, थोराड, एक कान उभा आणि एक पडलेला. कुत्र्यांच्या आश्रयगृहातून त्याला आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे मुक्ताच्या सासूबाईंनी आणलं होतं, यांनी नाही. हे तेव्हा नको नको म्हणत होते, कारण जबाबदारी. विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही इमारती सांभाळा, मी याला सांभाळते.” पुढे त्या आजारी पडल्या, आणि गेल्या. शंभू तेवढा उरला. विहीणबाई त्याच्याशी मराठीतच बोलायच्या, त्यामुळे त्याला दुसरी भाषा येत नाही. इथली आपली मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. शंभूला ‘बस खाली’ म्हटलं की मुकाट बसतो. इतका पक्का मराठी श्रोता साऱ्या हट व्हॅलीत दुसरा नसेल. सकाळ-संध्याकाळ व्याही त्याला नदीकाठच्या बांधावर फिरायला नेतात. तो बदकांवर भुंकला, की हे बदकांकडे बघून “सॉरी” म्हणतात. पाहिलंय मी, या डोळ्यांनी. दोघं मुकाट्याने चालत असतात, आणि विहीणबाई गेल्यावर त्या माणसाला दिवसभरात दुसरी कसली सोबत होती, ते त्यांना तसं चालताना बघितल्यावर कळतं.

तर अधिक महिना आला. अधिकात जावयाला तीस-तीन अनारशांचं वाण द्यायचं असतं. मी याच देशात, पण वर उत्तरेला, पापाकुऱ्याला राहते आणि बालवाडीत शिकवते. रजा काढली, तांदूळ भिजवून, वाटून, गुळात मळून, खसखशीवर थापून एकेक अनारसा जाळीदार तळला, आणि डबा मांडीवर घेऊन विमानाने वेलिंग्टन गाठलं. आमचे हे कामामुळे घरीच राहिले. जावयाला ओवाळलं, ताट बुटक्या टेबलावर ठेवलं आणि नमस्कार करायला वाकले, तोच शंभूने मान लांब करून वरचा एक अनारसा अलगद उचलला. आता शहाण्या बाईने काय केलं असतं? जाऊ दे म्हटलं असतं. पण तेहेतीस म्हणजे तेहेतीस! वाण अपुरं राहतं की काय, या धास्तीने मी सरळ त्याच्या तोंडात हात घातला. त्याने तोंड मिटलं. एवढंच झालं. मी हात ओढला, त्यात अंगठ्याच्या बुडाशी फाटलं, आणि नारायणपेठीचा पदर त्याच्या पंजात अडकून टर्रकन गेला. शंभू अनारसा टाकून सोफ्यामागे जाऊन बसला. रक्त बघून मुक्ता किंचाळली. व्याही मात्र पांढरेफटक पडले आणि म्हणाले, “जबाबदारी माझी.”

दवाखान्यात टाके पडले. या देशात अपघाताच्या उपचारांचा भार सरकारच उचलतं, पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग इथे नाही, तेव्हा माझ्या दृष्टीने विषय संपला होता. पण टाके घालून बाहेर येते तो व्याही फोनवर. दवाखान्याच्या बाकावर ताठ बसून ते नगरपालिकेच्या कुत्रे-विभागाला सांगत होते, “माझा कुत्रा माझ्या विहिणीला चावला आहे. मी गुन्हा कबूल करतो.” मुक्ता डोक्याला हात लावून म्हणाली, “बाबा, आईची कम्प्लेंट नाहीये! कुणी विचारलंय का तुम्हाला?” ते म्हणाले, “कुणी विचारायची वाट बघणं म्हणजे लपवणंच.” मग विमा कंपनीला फोन. तिकडची बाई बिचारी समजावत होती, की उपचारांचं सरकार बघेल, साडीचं आम्ही बघू, पण आमच्या परवानगीशिवाय कुणापाशीही काहीही कबूल करू नका, तुमच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलंय. व्याह्यांनी ते कलम पाठ असूनही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. तोवर ते मला, मुक्ताला, डॉक्टरला, नगरपालिकेला आणि पार्किंगमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईला कबूल करून चुकले होते. “म्हणजे मी बोलायचं काय?” असं त्यांनी फार केविलवाणेपणाने विचारलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी पानाला हात लावला नाही. मी म्हटलं, “व्याहीबुवा, इतका विमा आहे तुमचा, काळजी कसली?” तर म्हणाले, “विहीणबाई, शंभूने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून मिळतं. शंभूच गेला तर काय, याचं कलम त्यात नाही.” “शंभू कशाला जाईल?” मी विचारलं. जावयाने मग समजावून सांगितलं. नगरपालिकेने हा हल्ला ठरवला, तर प्रकरण कोर्टात जातं, आणि कोर्ट कुत्र्याला मारून टाकायचा हुकूम देऊ शकतं. मी हातातला घास पानात ठेवला. माझ्या अनारशापायी विहीणबाईंचा शंभू? आणि हे सगळं माहीत असून या माणसाने आपल्या हाताने फोन लावला! मला राग आला आणि रडूही आलं, पण गप्प राहिले. मुलीची आई ना मी.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची अधिकारी आली. उंच, धिप्पाड बाई, हसरी. “किया ओरा” असा इथला नमस्कार करत बूट दारात काढून आत आली. तिने शंभूला “सिट” म्हटलं, तो उभाच. “स्टे” म्हटलं, तो तिच्याकडे चालत निघाला. तिने वहीत काहीतरी लिहिलं. “बस खाली!” मी म्हटलं, तेव्हा बसला. मग मी तिला घडलं तसं सांगितलं, की कुत्रा बिचारा खात होता, मीच त्याच्या तोंडातला घास काढायला गेले, चूक माझी. ती मान डोलावत होती. आता सुटला, असं वाटलं. तेवढ्यात व्याही घसा खाकरून पुढे झाले.

“ऑफिसर,” ते इंग्रजीत म्हणाले, “यांची साक्ष कृपया ग्राह्य धरू नका. या मुलीच्या आई आहेत. आमच्या रीतीप्रमाणे मुलीची आई मुलाच्या घराविरुद्ध एक शब्दही बोलत नाही. तिला भीती असते, की त्याचा त्रास मुलीला होईल. माझ्या कुत्र्याने यांचा हात खाल्ला असता, तरी या हेच म्हणाल्या असत्या.”

ती बाई थांबली. पेन खाली ठेवलं, माझ्याकडे निरखून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “हे खरंय का? तुला यांच्यासमोर मोकळं बोलता येत नाही का? आपण बाहेर जाऊन बोलू या का?”

आणि माझा तोल सुटला. इतकी वर्षं जपलेली सगळी रीतभात चुलीत गेली. “व्याहीबुवा!” मी ओरडले, बालवाडीतल्या आवाजात, “तोंड मिटा! एकदम मिटा! लाज नाही वाटत? घरातलं एवढं मुकं जनावर, त्याचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही खरेपणाची टिमकी वाजवताय? मोठे आले हरिश्चंद्र! जबाबदारी, जबाबदारी! अहो, याला जिवंत ठेवणं ही कुणाची जबाबदारी? विहीणबाईंनी कुणाच्या भरवशावर सोडलं याला? हात माझा, चूक माझी, आणि मध्ये नाक खुपसणारे तुम्ही कोण? बसा खाली!”

व्याही बसले. शंभू बसलेलाच होता, तो आडवा झाला. मुक्ताने तोंडावर हात ठेवला होता, आणि जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. त्या बाईला मराठीचं अक्षर कळलं नसणार, पण ती खो खो हसायला लागली. डोळे पुसत व्याह्यांना म्हणाली, “सॉरी मेट, ही तुला भीत असेल असं मला काही वाटत नाही.”

मग तिने निकाल सांगितला. कुत्रा आपलं खाणं खात होता, बाईने तोंडात हात घातला, तक्रार नाही, पूर्वी कधी काही नाही. ती लेखी ताकीद देणार होती आणि प्रकरण तिथेच मिटणार होतं. पाहुणे आले की खाणं आणि कुत्रा एका खोलीत ठेवायचे नाहीत, एवढी अट. व्याह्यांनी विचारलं, मुसकं बांधू का त्याला? ती म्हणाली, गरज नाही. जाताना मी तिच्या हातात चार अनारसे कागदात बांधून दिले. वाण काय, अपुरं झालंच होतं.

संध्याकाळी मुक्ता आणि जावई बाजारात गेले. मी एका हाताने चहा टाकत होते आणि आतून पार खजील झाले होते. व्याह्यांवर ओरडले! मुलाच्या बापाला ‘तोंड मिटा’ म्हणाले, तेही परक्या बाईसमोर! आईला कळलं असतं तर तिने मला उभी चिरली असती. व्याही आत आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. मागोमाग शंभू. मी मान खाली घालून म्हटलं, “व्याहीबुवा, मी फार वाटेल तसं बोलले. मनात ठेवू नका. माफ करा.”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, “माफी नका मागू, विहीणबाई. ही गेल्यापासून या घरात माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. सगळे जपून बोलतात. मुक्ता जपून बोलते, मुलगा जपून बोलतो. रस्त्यात भेटणारेही हळू आवाजात बोलतात. आज तुम्ही ओरडलात, आणि...” ते वाकून शंभूचा पडका कान कुरवाळायला लागले.

मला भडभडून आलं. चहा कपात ओतून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी साखरेचा डबा ओढून एक चमचा घातला, दुसरा घातला, तिसरा भरला.

“पुरे!” मी खेकसले, “डायबेटिस आहे ना तुम्हाला? ठेवा तो चमचा खाली!”

त्यांनी चमचा निमूटपणे खाली ठेवला आणि चहाचा घोट घेतला.