कागदाच्या द्राक्षांवर फवारणी

दुपारी घडलेलं सांगते.

सुट्टीला दिंडोरीत सासरी आलोय. माझ्या चार वर्षांच्या इराने आणि मी जुन्या वर्तमानपत्राचे गोळे केले, जांभळे रंगवले, सुतळीत ओवून पडवीत घड टांगला. इरा कमरेवर हात ठेवून बघत राहिली, तिचे आजोबा द्राक्षबागेत बघतात तशी.

"आई, औषध मारायचं राहिलं."

तिला पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली दिली आणि मी दूध उतरवायला आत गेले.

परत आले तर पाणी अंगणात ओतलेलं. इरा पडवीच्या कोपऱ्यात सासऱ्यांचा कीटकनाशकाचा डबा पोटाशी धरून झाकणाशी झटत होती.

"पाण्यानं कीड मरत नाय. उघडून दे ना!"

डबा काढून घेतला. तिचे हात तीनदा धुतले. झाकण घट्ट होतं, म्हणून वाचलो.

सासरे म्हणाले, "लय वर्षं तिथंच हाय तो." मग कुलूप शोधायला लागले.

खेळ मीच मांडला होता. तिने तो नीट पुरा करायला घेतला, एवढंच.

तुमची मुलं तुमच्या कोणत्या कामाची नक्कल करतात? त्या कामाची खरी वस्तू आत्ता कुठे आहे, उठून बघून याल?