संध्याकाळ सांभाळणारे मधुभाऊ

श्री. मधुकरराव ढोबळे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सत्तरच्या सुमारास मी हिंगणघाटच्या एका शाळेत शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्यांच्या दुकानातून घेतलेले सदऱ्याचे कापड पहिल्याच धुण्यात आटले, म्हणून मी तणतणत गेलो. मधुभाऊंनी वाद घातला नाही. त्याच ताग्याचा तुकडा कापून बादलीत बुडवला, उन्हात टाकला आणि तो वाळेपर्यंत मला चहा पाजून बसवून ठेवले. तुकडा आटला होता. “मास्तर, तुमचंच खरं आहे,” असे भरल्या दुकानात म्हणून त्यांनी तो अख्खा तागा विक्रीतून काढून टाकला. तेव्हापासून आमचा स्नेह आहे.

कापडाचा धंदा वडिलोपार्जित. जीव मात्र स्वयंपाकात. गावात कुणाकडे पंगत असली की मधुभाऊ धोतराचा सोगा खोचून चुलीपुढे हजर. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले त्यांचे कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी खाण्यासाठी लोक अल्लीपूरहून येत. स्वयंपाक करताना ते भजने म्हणतात. ती त्यांनी म्हणू नयेत असे वहिनींसकट सर्वांचे मत आहे, पण ते त्यांनी आजवर मानलेले नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्या घरची आहे आणि मेहुण्यांच्या परवानगीने सांगतो. माझ्या बहिणीचे, सिंधूचे, यजमान वसंतराव मिलमध्ये कामाला होते. माणूस गुणी, पण दारूच्या पुरते आहारी गेलेले. शपथा झाल्या, नवस झाले. शेवटी सिंधू लहानग्या मंगलाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी एकदा दुकानात बसून हे सारे मधुभाऊंना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “पितात कोन्या वक्ताले?”

“मिल सुटली की.”

“मंग त्या वक्ताले मी जातो.”

आधी त्यांनी वसंतरावांना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. दारू एकदम तोडली तर अंगात झटके येऊ शकतात, असे डॉक्टरांनी बजावले. त्यांच्या देखरेखीखाली औषधे सुरू झाली, अंगाची थरथर कमी झाली. वसंतराव कामावर जाऊ लागले आणि मिल सुटायच्या वेळी मधुभाऊ सायकल धरून फाटकाशी उभे राहू लागले. दुकान तेवढा वेळ वहिनी पाहत. त्यांच्या या साथीचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दोघे मधुभाऊंच्या घरामागच्या अंगणात येत. तलफ जोर करी त्या वेळेला वसंतरावांच्या हातात कणीक असे. दारूविषयी मधुभाऊ अवाक्षर काढत नसत. पहिले रोडगे कोळशासारखे झाले. मधुभाऊंनी त्यातला एक फोडला, आतला पांढरा भाग तुपात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, “आतून जमला आहे.” किती तरी महिन्यांनी वसंतराव हसले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुनी मंडळी भेटली आणि वसंतराव पुन्हा प्याले. मी संतापलो. मधुभाऊ सकाळी त्यांच्या घरी गेले. मीही मागे गेलो. वसंतराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, “भाऊ, तुम्हाले तोंड दाखवाची सोय नाई राह्यली.”

“तोंड नको दाखवू,” मधुभाऊ म्हणाले. “हात दाखव. कांदे चिराचे आहेत.”

पण परतताना ते माझ्या घरी सिंधूकडे थांबले. मला वाटले, समजूत घालतील. ते म्हणाले, “बाई, तो काल प्याला. लपवत नाई. आमी पुन्हा सुरू केलं आहे. तुमी मात्र कोनाच्या सांगन्यावरून परत जाऊ नका, माह्या तर मुळीच नाई. तुमचं मन होईन तवाच.” सिंधू त्या दिवशी खूप रडली आणि मग पोटभर जेवली.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न अल्लीपूरला झाले. स्वयंपाक मधुभाऊंकडे, अर्थात वसंतरावांकडेही. मधुभाऊ वरपक्षाला भेटायला गेले असताना दोन वऱ्हाडी मांडवामागे आले. एकाने पिशवीतली बाटली दाखवून वसंतरावांना बोलावले. मी वाढपाची भांडी घेऊन जवळच उभा होतो. वसंतरावांनी बाटलीकडे पाहिले, कपाळावरचा घाम पुसला. “माही भाजी लागून राह्यली,” असे म्हणून ते चुलीकडे वळले.

थोड्या वेळाने सिंधू तिथे आली. वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नव्हती. तिने पळीभर भाजी चाखली.

“मीठ कमी आहे.”

“तूच टाक,” वसंतराव म्हणाले.

तिने मीठ टाकले आणि ती तिथेच बसून राहिली. परत आलेल्या मधुभाऊंनी हे पाहिले आणि असे काही भसाड्या आवाजात भजन सुरू केले की वरपक्षाकडून माणूस विचारायला आला, काही झाले का.

सिंधू दिवाळीनंतर स्वतःहून आपल्या घरी गेली. त्यानंतर त्या घरात दारू आली नाही. पुढे मधुभाऊंच्या अंगणात आणखी काही जण येऊ लागले. कुणी टिकले, कुणी गेले. गेलेल्यांना मधुभाऊंनी कधी नावे ठेवली नाहीत. एकदा मी त्यांच्या उपकारांविषयी बोलू लागलो तर रागावले. “सोडली त्यानं. मी तं वांगे खाल्ले.”

आज मधुभाऊ साठ वर्षांचे होत आहेत. मंगलाचे लग्न ठरले आहे. स्वयंपाक वसंतराव करणार आहेत आणि त्यांनी मधुभाऊंना ताकीद दिली आहे, “भाऊ, या डाव तुमी फक्त पंगतीत बसाचं.” मधुभाऊ कबूल झाले आहेत, पण आम्हा कुणाचा विश्वास नाही. त्यांचे गुडघे मजबूत राहोत, भूक अशीच राहो, वहिनींची सोबत लाभो. आणि मंगलाच्या मुलाबाळांच्या लग्नांतही त्यांना चुलीपासून ओढून आणून पानावर बसवण्याचे भाग्य आम्हाला मिळो.