आत्याची गरम प्लेट

माझी आत्या गरम जेवत नसे. हे विधान नीट समजून घ्यायला हवे. गरम अन्न तिला आवडत नव्हते, असा त्याचा अर्थ नाही. आमच्या पालमच्या घरातली ज्वारीची प्रत्येक भाकरी तिच्याच हातची असे, आणि तव्यावरून उतरली की लगेच कुणाच्या तरी ताटात जाई. आधी माझे वडील, मग मी आणि मुले, मग आलागेला, मग माझी पत्नी. सगळ्यांची ताटे उचलली गेली, की आत्या निवलेली भाकरी घेऊन ओट्याच्या कडेला बसे. "वाढणारीनं मागून बसावं," असे ती म्हणे. तरुणपणी नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, तेव्हापासूनचा हा तिचा नियम. तो तिला कुणी घालून दिला नव्हता. मोड, असेही कुणी सांगितले नव्हते.

बाजाराच्या दिवशी किराणा आणणे हे तिचेच काम होते. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणत. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी डाळींच्या पोत्यांशेजारचा कोपरा मोकळा केला आणि तिथे मोठी शेगडी व लोखंडी कढई मांडली. नांदेडला हे काम शिकून आलेला त्यांचा धाकटा भाऊ तिथे चायनीज करू लागला. चायनीजचे गाडे गावात त्याआधीही होते. पण ते बसस्थानकाबाहेर, संध्याकाळच्या पुरुषी गर्दीत. तिथे बायका थांबत नसत. किराणा दुकानात थांबायला मात्र बाईला कारण द्यावे लागत नाही. साखर तोलून होईपर्यंत ती उभी राहू शकते, आणि उभी आहे तोवर खाऊही शकते. हा फरक गावात सर्वांत आधी आत्याने ओळखला असावा.

एकदा तेलाचा डबा उचलायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. अण्णांच्या भावाने विचारले, "आत्या, पार्सल करू का?"

"पार्सल लेकरायसाठी कर. माझं हितंच दे, प्लेटमधी."

त्याने कढईतून थेट प्लेटमध्ये नूडल्स वाढल्या. आत्याने फुंकर घातली, पण पुरती निवण्याची वाट पाहिली नाही. पहिल्याच घासाला तिचे डोळे भरून आले.

"लय तिखट झालं का, आत्या?"

"गप रे. आमच्या ठेच्यापुढं तुझी चटणी लेकरू हाय. वाफ लागली डोळ्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गुर्जी, शेवया आपल्याबी हायत. पण दुधात बुडवून बुडवून आपण त्यांचा पार लगदा केला. ह्या कशा ताठ हायत!" मी शिक्षक असल्यामुळे ती मला गुर्जीच म्हणे.

घरी पार्सल सोडले, की ती सगळ्यांना वाटून देई. कुणी आग्रह केला, तर म्हणे, "मला नगं. माझं झालं." हे वाक्य ती रोजच म्हणत असे, खरे मात्र ते बाजाराच्या दिवशीच असे.

यथावकाश ही गोष्ट माझ्या वडिलांच्या कानावर गेली. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. जेवता जेवता त्यांनी विचारले, "बाजारात उभी राहून खायलीस म्हणं?"

"खायले की."

"लोक काय म्हणतेत? आपल्या घरची बाई दुकानापुढं तोंड हालवायली! पुढच्या बाजारापासून किराणा मी आणीन."

आत्याचा हात भाकरीवर थांबला. आठवड्यातून एकदा मिळणारे ते गरम खाणे त्या क्षणी जाणार होते, हे मला दिसत होते. ती चिडली नाही. वर्गात विचारावे तसे तिने विचारले, "दादा, तू गरम खातूस का गार?"

"गरम. का?"

"तुला कोण वाढतं?"

"तू वाढतीस."

"मंग मला कोण वाढायचं? त्यो परका माणूस पैसे घेतो, पण गरम वाढतो."

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. आत्याने ती उलटली. त्या दिवशी दादांनी दुसरी भाकरी मागितली नाही.

पुढच्या बाजाराला दादा खरोखरच निघाले; मात्र आत्याला बरोबर घेऊन. दुकानात ती खात होती तोवर ते किराण्याची पिशवी धरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. अण्णांनी विचारले, "दादा, तुमाला एक हाफ लावू का?" त्यावर दादा म्हणाले, "मला नगं. तिचं होऊ द्या निवांत." पुढे कितीतरी बाजार हाच क्रम चालला. त्यांनी त्या पदार्थाची चव एकदाही घेतली नाही.

शेवटच्या आजारपणात आत्याला घराबाहेर पडवेना. मी पार्सल आणले. तिने दोन घास घेतले आणि प्लेट बाजूला सारली. "गार झालंय रे."

दादा उठले. त्यांनी आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. माझी पत्नी पुढे झाली, तेव्हा त्यांनी तिला हातानेच थांबवले. दोन-तीन काड्या वाया गेल्या, कढई नको इतकी तापली, खालच्या नूडल्स तळाला चिकटल्या. वरच्या काढून त्यांनी प्लेट आत्याच्या हातात दिली आणि तिच्या खाटेशी उभे राहिले.

"दादा, करपलंय की."

"गरम हाय ना?"

"हाय," आत्या म्हणाली, आणि तिने प्लेट संपवली.

तिला जाऊन आता बराच काळ झाला. अण्णांच्या दुकानातला तो कोपरा चालू आहे. बाजाराच्या दिवशी तिथे पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मला दिसतात. घरी दादा जेवायला बसतात, तेव्हा वाढलेल्या ताटाला लगेच हात लावत नाहीत. स्वयंपाकघराकडे पाहून विचारतात, "सूनबाई, तुझं ताट कुठंय?" ते शेजारी मांडले जाईपर्यंत त्यांची भाकरी निवून जाते. ते ती तशीच खातात.